'यात अवेट कुठे आहे?' असं विचारणाऱ्या रिव्ह्यूअरला

नमस्कार,

कोड रिव्ह्यूत तुम्ही एवढंच विचारलंत: 'या असिंक डेफमध्ये अवेट कुठे आहे?' (असिंक डेफ म्हणजे पायथनमधलं असं फंक्शन, जे वाट पाहताना 'अवेट' या शब्दापाशी थांबून इतर कामांना वाट देतं.) त्या एका ओळीसाठी हे पत्र.

अवेट नव्हताच. आत दुसऱ्या सर्व्हरला विचारणा करणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचा साधा कॉल होता आणि तो थेट इव्हेंट लूपचा, म्हणजे सगळी असिंक कामं आळीपाळीने चालवणारा एकमेव, थ्रेड अडवून बसतो. समोरच्या सर्व्हरने दोन सेकंद लावले की त्या वर्करवरचं (सर्व्हरच्या त्या प्रोसेसवरचं) सगळंच दोन सेकंद ताटकळतं, अगदी सर्व्हर जिवंत आहे का हे पाहणारा हेल्थ चेकसुद्धा. सीपीयू निवांत दिसतो, म्हणून संशय भलतीकडेच जातो. असिंकआयओचा (हा लूप चालवणाऱ्या पायथनच्या लायब्ररीचा) डीबग मोड लावायला तुम्हीच सांगितलंत: लूपला 100 मिलिसेकंदांहून जास्त अडवणारं काम त्यात नावानिशी लॉग होतं.

उपायही किती साधा: 'असिंक' हा शब्द खोडा. आमचं वेब फ्रेमवर्क फास्टएपीआय साधं डेफ थ्रेडपूलमध्ये, म्हणजे वेगळ्या थ्रेडच्या संचात, चालवतं, आणि नेटवर्कची वाट पाहताना थ्रेड जिल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) सोडून देतो, त्यामुळे बाकीचे अडत नाहीत. (असिंक काढल्यावर वेग वाढतो हे ऐकायला विचित्रच वाटतं.) शुद्ध पायथनमधली आकडेमोड असेल तर मात्र नेहमीच्या, जिल असलेल्या पायथनमध्ये थ्रेडचाही उपयोग नाही, तिथे वेगळी प्रोसेसच हवी.

खरे आभार पुढच्या हिशोबाचे. थ्रेडपूलमध्ये मुळात 40 थ्रेड. डेटाबेसशी बोलणाऱ्या एसक्यूएलअल्केमी लायब्ररीच्या पूलमध्ये 5 आणि गरजेला वरचे 10, म्हणजे 15 कनेक्शन. उरलेले 25 थ्रेड रांगेत, आणि 30 सेकंदांनी टाइमआउट. कनेक्शनचा पूल सरळ 40 केला असता तर चार वर्करचे 160 होतात, आणि आमच्या डेटाबेसची, पोस्टग्रेसची, मूळ मर्यादा 100 कनेक्शनची आहे! त्याऐवजी तुम्ही क्रम बदलायला लावलात: आधी डेटाबेसमधून वाचा, सेशन बंद करा, मग बाहेरचा कॉल. कनेक्शन हातात धरून दुसऱ्याची वाट पाहायची नाही. रिक्वेस्ट्सला आपणहून टाइमआउट नसतो, तोही आता दिला आहे: जोडणीला 3 सेकंद, वाचनाला 10.

वेबसॉकेटचे (दोन्हीकडून बोलता यावं म्हणून उघड्या राहणाऱ्या जोडणीचे) दोन एंडपॉइंट तुमच्या सांगण्यावरून असिंकच ठेवले आहेत. तिथल्या जोडण्या बहुतेक वेळ नुसत्या उघड्या असतात. प्रत्येकीला एक थ्रेड अडकवणं परवडणारं नाही.

आपले आभारी,
बॅकएंड टीम