भंगारात जाणारी ४५ फुटांची फिल्म

संपादक महोदय,

एकपडदा टॉकीज बंद पडली की खुर्च्या, पंखे आणि यंत्रे लिलावात जातात, प्रोजेक्टरच्या केबिनमधले डबे भंगारवाला वजनावर नेतो. त्या डब्यांत पिक्चर क्वचितच असतो, कारण प्रिंट वितरकाकडे परत जाते. मागे राहते ती टॉकीजची स्वतःची फिल्म : ‘पुढच्या खुर्चीवर पाय ठेवू नका’, ‘मूल रडत असल्यास बाहेर न्या’, ‘थुंकू नका’ असे सांगणारे अर्ध्या मिनिटाचे कार्टून. ते कोणाच्याच यादीत नसते. त्याला पिक्चर म्हणता येत नाही, जाहिरात म्हणावी तर विकायला काही नाही, आणि चित्रे काढणाऱ्याचे नाव बहुधा कुठेच नसते. म्हणून तेच आधी नाहीसे होते.

सरकारी कार्टूनचे नशीब यापेक्षा बरे. फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग मुंबईत १९५६ मध्ये सुरू झाला. परवान्याच्या अटीप्रमाणे फिल्म्स डिव्हिजनचे पट टॉकीजवाल्यांना दाखवावेच लागत, आणि मूळ निगेटिव्ह सरकारकडे राहिल्या. अमेरिकेत शिकागोच्या फिल्मॅक कंपनीने १९५७ मध्ये ‘लेट्स ऑल गो टू द लॉबी’ हे कार्टून काढले. ते शिष्टाचाराचे नव्हे, खाऊ विकण्याचे. पण गोत्र तेच. तेथील राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २००० साली त्याचा समावेश झाला. ते टिकले, कारण त्याच्या प्रती गावोगावच्या थिएटरांना विकल्या गेल्या होत्या. आपल्याकडे एखाद्या मालकाने करून घेतलेल्या कार्टूनच्या प्रती एक-दोनच निघत.

आणि ती एक प्रतसुद्धा वापरातच संपे. पस्तीस एमएमची फिल्म सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), म्हणजे मिनिटाला ९० फूट धावते. अर्ध्या मिनिटाचे कार्टून ४५ फूट. गुंडाळले तर तळहातावर मावते. दोन चौकटींना एक चित्र धरले तरी त्यात ३६० चित्रे आहेत. ही पट्टी दर शुक्रवारी नव्या पिक्चरच्या पहिल्या रिळाला जोडायची आणि पिक्चर उतरला की सोडवायची. फिल्म सिमेंटचा (फिल्म चिकटवायच्या द्रावणाचा) जोड उकलत नाही, कापावाच लागतो, आणि दोन्ही टोकांची एकेक चौकट जाते. वर्षात ५२ वेळा पिक्चर बदलला, तर प्रत्येक टोकाची दोन सेकंदांहून जास्त फिल्म गेली. पट्टी हाती आली आणि शेवटचा ‘धन्यवाद’ अर्धाच दिसला, तर दोष चित्रकाराचा नाही.

येथे एक चूक हटकून होते. पट्टीच्या सुरुवातीची काळी फिल्म निरुपयोगी समजून लोक कापून टाकतात. प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग चित्राच्या गेटनंतर (ज्या खिडकीतून चित्र पडद्यावर पडते तिच्यानंतर) येतो, म्हणून आवाजाची रेघ आपल्या चित्राच्या २०-२१ चौकटी आधी छापलेली असते. पहिल्या पाऊण सेकंदाहून थोडा जास्त आवाज त्या काळ्या तुकड्यातच आहे. तो कापला की पहिला शब्द गेला.

जुनी पट्टी सापडली तर ती लगेच प्रोजेक्टरवर चढवू नये. आधी कडेची छापील अक्षरे पाहावीत. ‘सेफ्टी’ असेल तर ठीक. ‘नायट्रेट’ असेल किंवा फिल्म १९५१ पूर्वीची वाटत असेल, तर ती उलगडू नये, उष्णतेपासून दूर ठेवावी आणि जाणकाराला बोलवावे. ती पटकन पेट घेते. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला, तर ॲसिटेट (सेफ्टी फिल्मची पारदर्शक पट्टी) कुजू लागले आहे. असा डबा बाकीच्यांपासून वेगळा करावा. घरच्या उष्णतेत ती फिल्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणे हा ‘जपून ठेवण्याचा’ सर्वांत वाईट प्रकार आहे, कारण आम्ल आतच कोंडते आणि कुजणे वाढते. कागदाचे वेष्टन, हवा खेळणारी पेटी आणि कोरडी, थंड जागा पुरे.

मग आक्रसलेली आहे का ते मोजावे. १०० चौकटी मोजून पट्टी न ताणता सपाट ठेवा. नवी फिल्म १९०० मिलिमीटर भरते. १८८१ किंवा त्याहून कमी भरली, तर एक टक्का किंवा जास्त आक्रसली. प्रोजेक्टरच्या दातेरी चाकांवर चढवली तर भोके फाटतील. अशी फिल्म चौकटीगणिक स्कॅनच करावी. लालसर पडलेली रंगीत पट्टी ‘रंग गेले’ म्हणून टाकू नये. त्यात निळसर रंग आधी उडतो, बाकीचे पुष्कळसे उरलेले असतात आणि स्कॅननंतर तोल बराच सावरता येतो. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्यांवरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळते. मात्र जुन्या खुणा वीस वर्षांनी पुन्हा येत, म्हणजे एका खुणेला एकाहून जास्त वर्षे लागू पडतात. चित्रावरून नेमके वर्ष ठरवता यावे म्हणून फोटोत चित्रासोबत कडही येऊ द्या.

मल्टिप्लेक्समध्ये तर डबाही नसतो. डिजिटल फाइलच्या नावात शिष्टाचारपटासाठी ‘पीओएल’ हा ठरलेला संकेत आहे. सर्व्हरवर जागा कमी पडली की मोठ्या पिक्चरसोबत अशा फाइलीही साफ होतात, खरे तर तीस सेकंदांची फाइल फार तर एक जीबीची. कॉपी घेताना नुसता चित्राचा एमएक्सएफ (चित्र साठवलेली फाइल) घेऊ नये. आवाजाचा एमएक्सएफ, सीपीएल, पीकेएल आणि ॲसेटमॅप (काय कोणत्या क्रमाने चालवायचे आणि कोणती फाइल कुठे आहे ते सांगणाऱ्या याद्या) यांसह पूर्ण फोल्डर घ्यावा, आतल्या फाइलींची नावेही बदलू नयेत; नाहीतर सर्व्हर तो ओळखणारच नाही.

टॉकीज विकणाऱ्या मालकांनी आणि डबे घेणाऱ्या भंगारवाल्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला निदान एक फोन करावा, ही विनंती. सोबत पट्टीची लांबी, कडेच्या खुणांचा फोटो, पहिल्या आणि शेवटच्या चौकटींचा फोटो, टॉकीजचे नाव आणि गाव द्यावे. गावाचे नाव डब्यावर लिहून थांबू नका, डबे अदलाबदल होतात. फिल्मच्या सुरुवातीला पांढरी कोरी पट्टी जोडून तिच्यावर लिहा. पण जोड टेपचा हवा, सिमेंटचा नको.

आपले,
दोन निवृत्त सिनेमा ऑपरेटर, कोल्हापूर