शेपटापासून वाचायला शिकवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय इनचार्ज सिस्टर,

सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच काहीतरी काम सांगून पिटाळता.

मराठी माध्यमातून जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला, आलेल्या आम्हा मुलींना ओटी लिस्ट, म्हणजे ऑपरेशनांची यादी, वाचताना घाम फुटायचा. कोलेसिस्टेक्टॉमी असली की बाकीचे ‘लॅप कोले’ म्हणून मोकळे होतात. तुम्ही मात्र आम्हाला त्या शब्दात पेन्सिलीने रेघा मारायला लावल्यात. आधी शेपूट धरा, म्हणालात: एक्टॉमी, म्हणजे कापून काढणं. मग कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी. सगळं मूळ ग्रीक. तुकडे देवनागरीत लिहा आणि जोर ‘टेक्’वर द्या, की जीभ अडखळत नाही.

शेपूट आधी का, ते मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनांनी पटवलं. कोलोटॉमीत आतड्याला छेद देतात, कोलेक्टॉमीत आतडं किंवा त्याचा भाग काढतात, कोलोस्टॉमीत आतड्याचं तोंड पोटावर उघडतात; स्टोमा म्हणजे तोंडच. फोनवर घाईत ऐकलं तर तिन्ही सारखीच. कोले आणि कोलो यांत फरक एका कान्याचा, पण एक पित्त आणि दुसरं आतडं. त्यात कोलेक्टॉमी दिसते पित्ताची आणि असते आतड्याची! पुढून वाचणारी तिथे हमखास फसते. शेवटची एक्टॉमी आधी सोडवून घेतली, की मागे नुसतं ‘कोल’ उरतं.

इंग्रजी स्पेलिंगमधला मुका ‘पी’ही जागा बघूनच ओळखायला शिकवलात. न्यूमोनियात तो सुरुवातीला येतो म्हणून गप्प, डिस्प्नियात (धाप लागणं) मध्ये येतो तर बोलतो. डोळ्यावर वाढणाऱ्या, मुक्या ‘पी’नेच सुरू होणाऱ्या टेरिजियमचं आणि हेलिकॉप्टरमधल्या ‘प्टर’चं मूळ एकच, पंख, हे तुम्ही सांगितल्यापासून ते स्पेलिंग चुकत नाही.

फोड करून मिळालेला अर्थ पेशंटला जसाच्या तसा सांगायचा नाही, हेही तुम्हीच बजावलंत. ॲनिमियाची फोड ‘रक्त नसणं’ अशी होते. नातेवाइकांना तसं सांगितलं तर ते घाबरणारच. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणावं.

नाइट ड्यूटीत, स्वतःचा चहा गार होऊ देऊन हे सगळं शिकवलंत. मनापासून आभार.

ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी आता एका दमात म्हणते: कान, नाक, स्वरयंत्र, शास्त्र. ओपीडीच्या पाटीवर नुसतं ‘ईएनटी’ असतं, त्यामुळे विचारत कुणीच नाही. पण येतं.

तुमची,
तेव्हाची फर्स्ट इयर