बंद दाराआड धूर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या एका आइस स्केटिंग रिंकवर (पात्यांचे बूट घालून घसरत खेळायच्या बर्फाच्या मैदानावर) बर्फ गुळगुळीत करणारी विजेवरची नवी गाडी आली आणि तिचं थाटात स्वागत झालं, अशी छोटी बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात 'गंमतजंमत' सदरात वाचली. मी ३१ वर्षं नागपुरात बर्फाच्या कारखान्यात आणि नंतर शीतगृहांत रेफ्रिजरेशन मेकॅनिक होतो. मला यात गंमत दिसली नाही, म्हणून हे पत्र.

आधी ही गाडी करते काय, ते सांगतो. स्केटच्या पात्यांनी बर्फावर चरे पडतात, वर भुगा साचतो. गाडीच्या मागचं रुंद पातं बर्फाचा पातळ थर तासतं, आतले मोठे फिरते स्क्रू तो कीस उचलून टाकीत टाकतात, चऱ्यांतली घाण पाण्यानं धुतली जाते आणि शेवटी जाड कापडाची पट्टी गरम पाण्याचा हात फिरवत जाते. पाणी चांगलं ६० अंशांच्या आसपासचं असतं. बर्फावर गरम पाणी कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ते वरचा थर किंचित वितळवतं आणि खालच्या बर्फाशी एकजीव होऊन गोठतं. त्यात विरघळलेली हवाही कमी असते, म्हणून बर्फ काचेसारखा होतो. आम्ही स्वच्छ लादी हवी असली की कॅनमधल्या पाण्यात नळीनं हवा सोडून ते सतत हलतं ठेवायचो. बुडबुडे अडकू नयेत, एवढ्यासाठीच.

ही गाडी बनवणारा फ्रँक झांबोनी आमच्याच धंद्यातला, याचं मला फार अप्रूप आहे. कॅलिफोर्नियात भावासोबत तो बर्फाच्या लाद्या तयार करायचा. घरोघरी फ्रिज आले, लाद्यांचा धंदा बसला. तेव्हा हातातल्या कसबावर दोघा भावांनी १९४० साली रिंक सुरू केली. ट्रॅक्टरनं बर्फ खरवडायचा, माणसांनी भुगा उचलायचा, पाणी मारायचं, मग ते गोठायची वाट बघायची, यात तासाहून जास्त वेळ जायचा. कित्येक वर्षं खटपट करून १९४९ साली त्यानं ही सगळी कामं एका गाडीत बसवली.

पण पेट्रोल किंवा गॅसवर चालणाऱ्या अशा गाडीतून कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड हे विषारी वायू बाहेर पडतात. रिंक बंदिस्त. बर्फालगतची हवा थंड, म्हणून जड. ती वर उठतच नाही. भोवती खेळाडूंसाठी उभा केलेला कठडा, त्यामुळे बाजूलाही जागा नाही. धूर नेमका मुलांच्या नाकातोंडाशी रेंगाळतो आणि धावणारं मूल बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत ओढतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९८७ साली शाळांच्या आइस हॉकी सामन्यांनंतर शंभराहून जास्त जणांना खोकला आणि धाप लागली. कारण निघालं याच गाडीचं बिघडलेलं इंजिन.

हे मी छातीठोकपणे लिहितो, कारण असा धूर मी स्वतः घेतलाय. नागपुरातच कळमन्याकडे एका शीतगृहात मिरचीची पोती लावायला गॅसवरची फोर्कलिफ्ट आणली होती. गारवा निसटू नये म्हणून दारं बंद. तासाभरात हमाल म्हणायला लागले, 'भाऊ, डोकं जड झालं.' आम्ही समजलो, थंडीनं झालं असेल, मिरचीच्या खाटानं झालं असेल. एक जण जिन्यावर बसला तो उठेचना. त्याला बाहेर उन्हात आणलं, अर्ध्या तासानं तो सावरला. मालकाला सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून दार वीतभर उघडं ठेवायचा हुकूम आला. फोर्कलिफ्ट तीच राहिली. तेव्हा मी जास्त भांडलो नाही, याचं आजही वाईट वाटतं.

यावर कुणी म्हणेल, विजेवरची गाडी घेतली तरी वीज नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या कोळशाचीच ना? खरं आहे, आणि तिथल्या गावांचा राखेचा प्रश्न मी मुळीच लहान मानत नाही. पण चिमणीचा धूर आणि चार भिंतींत कोंडलेला धूर यांत फरक आहे. बॅटरीच्या गाडीनं निदान कोंडलेला धूर तरी नाहीसा होतो. बॅटरीचीही काळजी घ्यावी लागते. साधी लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा चार्जिंगच्या खोलीला खेळती हवा हवीच. ही कामं जाणणारे मेकॅनिक नागपुरात आता गल्लोगल्ली आहेत. २०१७ साली इथे विजेवरच्या टॅक्सी धावल्या, ई-रिक्षा तर आता कुठेही दिसतात.

माझी नात रोलर स्केटिंग करते. चाकांवर शिकलेली महाराष्ट्रातली मुलं लेहला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत बर्फावर पदकं घेऊन येतात, त्यामुळे तिलाही आता बर्फ हवाय. देहरादूनची रिंक २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली, मग वर्षानुवर्षं बंद पडली आणि ऑगस्ट २०२५मध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक, म्हणजे बर्फावरच्या स्केटिंग शर्यतींची स्पर्धा झाली. अशा रिंक देशात वाढतील. नागपुरात कधी झालीच, तर टेंडरमध्ये बर्फाची गाडी विजेवरचीच असावी ही अट पहिल्या पानावर हवी.

पण रिंक होईल तेव्हा होईल. कळमन्यातली शीतगृहं आज चालू आहेत. तिथे आत फिरणारी प्रत्येक फोर्कलिफ्ट बॅटरीची असावी आणि आत कार्बन मोनॉक्साइड मोजणारा अलार्म लावावा, एवढी मागणी आपल्या वृत्तपत्राद्वारे संबंधित खात्यापर्यंत पोहोचवावी. आपला वार्ताहर एकदा हंगामात, माल भरताना, दार बंद असताना आत पाठवा. मी सोबत यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त रेफ्रिजरेशन मेकॅनिक
महाल, नागपूर