28 की 35? शिफ्ट लेन्सबद्दल मित्रास पत्र

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. जुन्या इमारतींचे फोटो काढायला शिफ्ट लेन्स 28 मि.मी. ची घेऊ की 35 ची, असं तू विचारलंस. शिफ्ट लेन्स म्हणजे कॅमेरा न कलवता वर किंवा बाजूला सरकवता येणारी लेन्स, तिनं घराच्या उभ्या रेषा सरळ राहतात. तुझ्या फोटोंच्या यादीत शहापूर-खडे बाजाराकडची दुमजली कौलारू घरंच जास्त दिसतात. त्यामुळे उत्तर सरळ आहे: निकॉनची 28 मि.मी. एफ/3.5 पीसी (निकॉन शिफ्ट लेन्सला पीसी म्हणते) घे. किल्ल्यातल्या 1204 च्या कमल बस्तीभोवती मोकळी जागा आहे, तिथं 35 नंही भागलं असतं. गल्लीत मागं सरकणार कुठं, मर्दा?

हिशेब करून बघ की. समोरच्या कट्ट्याला पाठ टेकवून अंतर मिळतं सहा मीटर. घराची वळचण रस्त्यापासून सात मीटर, लेन्स दीड मीटरवर, म्हणजे लेन्सच्या वर साडेपाच मीटर फ्रेममध्ये यायला हवेत. कॅमेरा उभा धरून लेन्स 8 मि.मी. वर सरकवली, तर क्षितिजाच्या वर फ्रेमची अर्धी उंची 18 अधिक 8, म्हणजे 26 मि.मी. फिल्म मिळते. 28 वर 26 भागिले 28 गुणिले 6, म्हणजे 5.57 मीटर, वळचण जेमतेम बसली. 35 वर हाच आकडा 4.46, म्हणजे वरच्या मजल्याच्या खिडक्या कापल्या. आढ्याची काळजी नको, इतक्या जवळून ते वळचणीमागं लपतंच. रुंदी मात्र पाच मीटरच मिळेल.

लेन्सवर सरकण्याची मर्यादा 11 मि.मी. लिहिलेली असताना 8 च का, तर वर्तुळामुळं: लेन्स फिल्मवर गोल प्रतिमा पाडते, तिच्याबाहेर सगळं काळं. आडव्या फ्रेममध्ये 11 सरकवल्यावर सर्वात लांबचा कोपरा मध्यापासून 29.2 मि.मी. वर पडतो, उभ्या फ्रेममध्ये तेवढंच सरकवल्यास 31.4 वर. 8 वर थांबलास तर 28.6. उभ्या फ्रेममध्ये हाव केलीस की वरचे दोन्ही कोपरे काळे. हूड किंवा जाड फिल्टर असेल तर आणखी आधी.

साध्या 20 मि.मी. लेन्सनं, कॅमेरा उभा आणि न कलवता धरून, 5.4 मीटर, म्हणजे जवळजवळ वळचणीपर्यंत, मिळतात हे खरं. पण तीच चौकट कापून घेतलीस की निम्मी फिल्म डांबर आणि आजूबाजूची घरं खातात. मोठी प्रिंट करायची नसेल तर तेवढ्यावर भागव, पैसे वाचतील. कॅननची 24 मि.मी. ची शिफ्ट लेन्स, टीएस-ई 24, गल्लीला याहून सोपी, पण तिचं ॲपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) इलेक्ट्रॉनिक, ती कॅननच्या ईओएस कॅमेऱ्यांसाठीच आहे. तुझ्या निकॉन एफएम2 कॅमेऱ्याला उपयोग शून्य.

वापरताना क्रम मोडू नकोस. आधी ट्रायपॉडवर कॅमेरा लेव्हल कर, हॉट-शूमध्ये बुडबुड्याची लेव्हल लावून. फिल्म भिंतीला समांतर नसेल तर शिफ्ट कितीही दे, उभ्या रेषा वर जुळणारच. मग ॲपर्चर पूर्ण उघडं, एफ/3.5 वर ठेवून फोकस. शिफ्ट शून्यावर असतानाच ॲपर्चर एफ/11 वर आवळून कॅमेऱ्याचा उजेडाचा मीटर बघ आणि शटर ठरव. लेन्स सरकल्यावर मीटरचं वाचन भरवशाचं राहत नाही. मग उघड, सरकव, चौकट जुळव, पुन्हा आवळ. हे आवळणं हातानंच करायचं असतं, शटरबरोबर आपोआप होत नाही. विसरलास तर तीन स्टॉपहून जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड आत. आवळल्यावर कोपरे एकदा नीट बघ.

कॅमेऱ्यात डोळा लावून बघतो त्या काचेऐवजी चौकोनी रेघांची ई2 स्क्रीन मिळाली तर आधी ती बसव. सरकवल्यावर मधला स्प्लिट प्रिझम (फोकस जुळवायचं दुभंगलेलं वर्तुळ) अर्धा काळा पडतो, आणि रेघांशिवाय तिरकेपणा डोळ्याला कळत नाही.

अजून एक फायदा. दारासमोर विजेचा खांब आला तर कॅमेरा दोन हात बाजूला ने, भिंतीला समांतरच ठेव आणि लेन्स आडवी सरकवून दार मध्ये आण. खांब बाजूला जातो, दार वाकडं होत नाही.

जुनी लेन्स घेताना टॉर्च आणि स्वतःची बॉडी ने. आपल्याकडच्या पावसाळ्याच्या ओलीनं बुरशी धरते, मागून उजेड मारलास की जाळं दिसेल. ॲपर्चरच्या पात्यांवर थोडं तेल असलं तर घाबरू नकोस, इथं ती हातानंच मिटतात. शिफ्टचा स्क्रू मात्र नीट तपास: लेन्स पूर्ण सरकवून कॅमेरा उभा धर आणि हलकेच हलव. खडखडली किंवा आपल्या वजनानं खाली घसरली तर परत दे. स्क्रू घट्ट असेल तर जोर लावू नकोस, ग्रीस वाळलेलं असतं. लेन्स पूर्ण गोल फिरवून शिफ्टचा नॉब कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या प्रिझमच्या पुढच्या भागाला घासत नाही ना, तेही बघ.

घेण्याआधी टेप घेऊन गल्लीची रुंदी मोजून ये. सहाऐवजी पाचच मीटर निघाले तर 28 नंही वळचण कापली जाईल, तेव्हा मला कळव.

काकूंना नमस्कार.

तुझा मित्र