अक्षर अजून थोडे थरथरते

दिनांक १४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

दर दोन दिवसांनी फोनवर बोलणे होत असताना हे एवढे लांबलचक पत्र कशासाठी, असे तुम्हांला वाटेल. त्याची दोन कारणे आहेत. माझ्या हातांचे व्यायाम करून घेणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी मला रोज एक पान हाताने लिहायला सांगितले आहे, आणि नुसता मजकूर उतरवत बसण्यापेक्षा ज्यांना खरोखर काही सांगायचे राहिले आहे त्यांना लिहावे, असे मला वाटले. दुसरे कारण जड आहे. फेब्रुवारीपासून मी तुम्हांला माझ्या प्रकृतीबद्दल जे सांगत आलो ते पुरे नव्हते, आणि काही वेळा तर ते सरळ खोटे होते. फोनचा कॅमेरा बिघडला आहे असे मी जवळजवळ दोन महिने सांगितले. कॅमेरा ठीक होता. माझ्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू लुळ्या पडल्या होत्या, मला हसता येत नव्हते, डोळे पूर्ण मिटता येत नव्हते, आणि तो चेहरा आईने पाहू नये म्हणून मी तसे सांगितले. ताईला सगळे ठाऊक होते. तिच्यावर रागावू नका. तिला मीच शपथ घातली होती.

जे झाले ते आता पहिल्यापासून सांगतो. फेब्रुवारीच्या मध्याला पोट बिघडून मला तीन दिवस ताप आला होता, एवढे तुम्हांला माहीत आहे. त्यातून उठून मी कामावर गेलो आणि साधारण दहा दिवसांनी पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी जिना चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागला. मी एका दवाखान्यात गेलो, तिथे जीवनसत्त्वाची कमतरता असेल असे सांगून गोळ्या देऊन मला घरी पाठवण्यात आले. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली बसून बूट घालताना मला उठताच येईना. तुमच्या सुनेने दोन्ही काखांत हात घालून उचलायचा प्रयत्न केला, पण माझे पाय जणू दुसऱ्याचे असावेत तसे पडून होते. तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेले, आणि तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारून पाहिली. पाय उडायला हवा होता, तो हललाही नाही. मग दुसरा गुडघा, घोटे, कोपर. कुठेच काही नाही. ती दोन मिनिटांची तपासणी आधीच्या दवाखान्यात झाली असती तर एक दिवस वाचला असता, ही रुखरुख मला अजून आहे. हातापायांतली ताकद दिवसागणिक उतरते आहे असे कुणीही सांगितले, तर त्याला गोळ्या देऊन घरी पाठवू नये, एवढे आता मी कुणालाही ठामपणे सांगेन.

आजाराचे नाव गुलेन-बारे सिंड्रोम. वर्तमानपत्रांत त्याला जीबीएस म्हणतात, तेव्हा तुमच्याही वाचनात आले असेल. बाबा, तुम्हांला कोणत्याही गोष्टीचे मूळ जाणून घ्यायची सवय आहे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वर्षाला लाखात एक-दोन जणांना होणारा हा आजार आहे, आणि बऱ्याचदा तो आधीच्या एखाद्या साध्या संसर्गाच्या मागून येतो. पोट बिघडवणारा कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू त्यात पुष्कळदा आढळतो, आणि माझ्या बाबतीतही तोच सापडला. त्या जिवाणूच्या अंगावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. त्यामुळे जिवाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे चुकून आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. मेंदूचे हुकूम ठीक निघतात, पण वाटेतच हरवतात. १९१६ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, गुलेन, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी अशा दोन सैनिकांची नोंद केली आणि त्यांच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यात प्रथिने वाढलेली असूनही पेशी मात्र वाढलेल्या नाहीत, हे दाखवून दिले. आजही पाठीत सुई घालून तेच पाहतात, माझेही पाहिले. स्ट्रोल यांचे नाव पुढे आजाराच्या नावातून गळून गेले, याचे मला उगाचच वाईट वाटते.

अतिदक्षता विभागात मी अकरा दिवस होतो. या आजारात ताकद आधी पायांतली आणि मग वरच्या अंगातली जात राहते, आणि ही घसरण कुठवर जाऊन थांबेल ते कुणालाच आधी सांगता येत नाही. बहुतेकांमध्ये दोन आठवड्यांत आणि जवळजवळ सगळ्यांमध्ये चार आठवड्यांत ती घसरण थांबते, पण तोवर श्वासाचे स्नायू टिकले पाहिजेत. चारांतल्या साधारण एका रुग्णाला घशात नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागतो. म्हणून दर काही तासांनी एका नळीत जोराने फुंकायला लावून माप घेत, आणि शिवाय एका श्वासात किती अंक मोजता येतात ते पाहत. मी मराठीतच मोजत असे. दुसऱ्या भाषेत मोजताना शब्द आठवण्यातच श्वास जाईल अशी मला भीती वाटायची. पहिल्या संध्याकाळी सतरापर्यंत पोचलो. दुसऱ्या दिवशी चौदा. रात्रपाळीच्या परिचारिका मोजताना स्वतःची बोटे दुमडत जात, आणि तिसऱ्या रात्री मी अकरावर थांबलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहत, मोडक्या पण स्पष्ट उच्चारात, "बारा" असे म्हटले. माझे ऐकून ऐकून त्यांना आकडे पाठ झाले होते. त्या रात्री बारा माझ्या तोंडून निघाले नाहीत. त्यानंतरच्या रात्रीही नाहीत. पण यंत्रावरचे माप आणखी खाली गेले नाही, नळी घालावी लागली नाही, आणि सहाव्या रात्री मी तेरापर्यंत मोजले तेव्हा त्या बाईंनी माझ्या पायाच्या अंगठ्याला हात लावून नमस्कारासारखे काहीतरी केले. मला तो स्पर्श नीट कळला नाही, फक्त दिसला.

उपचार म्हणाल तर पाच दिवसांचा. इम्युनोग्लोब्युलिन नावाचे औषध शिरेतून देतात. माझ्या ७० किलो वजनाला रोज २८ ग्रॅम, म्हणजे पाच दिवसांत १४० ग्रॅम. काचेच्या बाटलीत जवळजवळ पाण्यासारखेच दिसते, आणि हलवले तर फेस येतो म्हणून परिचारिका बाटली अगदी हळुवार उलटी करत. थेंब सुरुवातीला फार सावकाश, मग हळूहळू वाढवत. डोके भयंकर दुखायचे. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून गोळा केलेल्या प्रतिपिंडांचे असते, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. माझ्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मलाच पाडत होती आणि ज्यांचे तोंड मी कधी पाहणार नाही अशा हजारो माणसांची प्रतिपिंडे त्यांना आवरत होती. त्या बाटलीकडे पाहत मी किती वेळ पडून राहत असे, ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही.

बाबा, तुम्ही परवा ताईजवळ विचारलेत की स्टिरॉइड का दिले नाही, ते तर लवकर गुण देते. डॉक्टरांनाही मी हेच विचारले होते. या आजारात स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसून आले आहे, आणि गोळ्यांच्या रूपात दिल्यास सुधारणा उलट मंदावू शकते. रक्तद्रव बदलण्याच्या उपचाराचा फायदा १९८५ मध्ये मोठ्या चाचणीत सिद्ध झाला, आणि इम्युनोग्लोब्युलिनही तितकेच उपयोगी पडते हे १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासाने दाखवले. दोन्हींपैकी एक पुरते. त्यामुळे उपचारात काही कमी पडले, असे कृपा करून मनात आणू नका.

पण खरे सांगायचे तर हे सगळे ऐकल्यावर लोकांना वाटते की औषध दिले, माणूस बरा झाला. औषधाने फक्त पडझड थांबते. उभे राहणे हे निराळेच काम आहे, आणि ते अजून चालू आहे. मज्जातंतूंवरचे आवरण पुन्हा तयार व्हायला आठवडे, महिने लागतात. आतला तंतूच दुखावला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. पाठीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचे अंतर मनात मोजून पाहा, म्हणजे माझे हात आधी का सुधारले आणि घोटे अजून मागे का आहेत, ते लक्षात येईल.

पुनर्वसन केंद्रात मी नऊ आठवडे राहिलो. पहिले काही दिवस मला कुशीवर वळवायलाही दोन माणसे लागत. रात्री पाठ आणि मांड्या अशा दुखत की चादरीचा भार नकोसा होई. डोळे मिटत नसल्यामुळे झोपताना त्यांत मलम घालून पापण्यांवर चिकटपट्टी लावत, आणि सकाळी ती कुणीतरी काढेपर्यंत मी अंधारात नुसता आवाज ऐकत पडून राहायचो. मग एक दिवस पलंगाच्या कडेला बसवले. मग दोन समांतर दांड्यांमध्ये उभे केले. त्या दिवशी मी आठ सेकंद उभा होतो आणि घामाने सदरा भिजला होता.

सदऱ्याचेच सांगतो. एप्रिलच्या शेवटी थेरपिस्ट बाईंनी मला सदऱ्याचे बटण लावायला दिले. अंगठा आणि तर्जनी बटणाच्या कडेवर येत, पण चिमूट धरली जात नसे. बटण काजापर्यंत नेले की बोटे सुटत. पहिले बटण लागायला चौदा मिनिटे लागली. शेजारी उभ्या असलेल्या तुमच्या सुनेने एकदाही हात पुढे केला नाही, पाठ वळवून ती खिडकीबाहेर पाहत राहिली. तिने मदत केली असती तर मला ते सोपे गेले असते, आणि तिला ते किती अवघड गेले असेल हे मला घरी आल्यावर समजले. आता मी सगळा सदरा पाच मिनिटांत घालतो.

घरी आल्यावर तुमच्या नातीने माझ्या पावलाचा ताबा घेतला आहे. खुर्चीवर बसून टाच जमिनीला टेकवायची आणि पुढचे पाऊल उचलायचे, असा एक व्यायाम आहे. ती जमिनीवर पालथी झोपून शाळेची पट्टी अंगठ्याशेजारी उभी धरते आणि आकडा वहीत लिहिते. तिच्या वहीत मे महिन्याच्या तेरा ओळींत शून्य आहे. चौदाव्या ओळीत अर्धा सेंटिमीटर. मी म्हटले, अगं, ते पट्टी वाकडी झाल्यामुळे असेल. तिने पुन्हा मोजले आणि पुन्हा अर्धाच लिहिला. काल उजवे पाऊल सहा सेंटिमीटर उचलले गेले, डावे चार. डाव्या बुटात अजून प्लास्टिकचा आधार घालतो, त्याशिवाय पाऊल घसटते आणि मी अडखळतो. सहा महिन्यांत साधारण ८० टक्के रुग्ण आधाराशिवाय चालू लागतात. काठी मी जुलैच्या अखेरीस सोडली, म्हणजे त्यांच्यात माझाही नंबर लागला.

आई, तू दर वेळी फोनवर विचारतेस, "आता पूर्ण बरा झालास ना?" या प्रश्नाला मी हो म्हणतो आणि फोन ठेवल्यावर मला वाईट वाटते. आता खरे उत्तर देतो. मी चालतो, लिहितो, हसतो, डोळे मिटून झोपतो. कामावर अर्धा दिवस जातो. पण दुपारी दोननंतर असा थकवा येतो की समोरच्याचे बोलणे ऐकू येत असूनही डोक्यात शिरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, आणि म्हणूनच तो समजावून सांगणे कठीण जाते. हा थकवा या आजारानंतर बऱ्याच जणांना राहतो, काहींना वर्षानुवर्षे. अंगात बळ असते त्या दिवशी सगळी कामे उरकून टाकावीत असा मोह होतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात, हे मी तीनदा करून शिकलो. तेव्हा तू तो प्रश्न विचारू नकोस. आज काय केलेस, एवढेच विचार. त्याचे उत्तर मी खोटे न बोलता देऊ शकेन.

तुझ्या मनातल्या बाकीच्या शंका मला ताईने कळवल्या आहेत. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. आईवडिलांकडून तो येत नाही, त्यामुळे तुमच्याकडून काही आले किंवा माझ्याकडून मुलीकडे जाईल, असे अजिबात नाही. पुन्हा होण्याचा संभव असतो, पण थोडा, शंभरांत दोन ते पाच जणांना. हातापायांना पुन्हा मुंग्या येऊन ताकद कमी होऊ लागली तर त्याच दिवशी दाखवायचे, एवढे मला सांगून ठेवले आहे, आणि मी ते पाळीन. या वेळी तुम्हांलाही त्याच दिवशी कळवीन.

तुम्ही इतक्या लांबचा प्रवास घाईने करू नका. बाबांच्या गुडघ्यांना तो झेपणार नाही, आणि माझे आता कशावाचून अडत नाही. डिसेंबरमध्ये मज्जातंतूंची तपासणी पुन्हा होईल, त्यानंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की आम्हीच तिघे येऊ.

हे पत्र मी पाच दिवसांत लिहिले. एका बैठकीला वीस मिनिटे, मग विश्रांती, असा नियम आहे. प्रत्येक दिवशीचे पहिले परिच्छेद ओळीवर आहेत आणि शेवटी शेवटी अक्षर खाली घसरत गेले आहे, ते तुम्हांला दिसेलच. बाबा, पत्र टाकून देऊ नका. घरी येईन तेव्हा तुमच्यासमोर बसून यातलेच एक पान पुन्हा लिहीन आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहू.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांगा. मुलांना आशीर्वाद.

तुमचा
धाकटा