'इकॉलॉजी वाचवा' या शीर्षकाबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा मसुदा वाचला. तळमळीने लिहिलं आहेस, ते आवडलं. फक्त शीर्षक बदल, असं मला वाटतं. जंगल वाचवता येतं, नदी वाचवता येते. इकॉलॉजी हे तर शास्त्र आहे. 'जीवशास्त्र वाचवा' असं आपण म्हणतो का?

पर्यावरण म्हणजे सजीवाच्या भोवतीचं सगळं: हवा, पाणी, माती, ऊन, इतर जीव. या सगळ्याशी सजीवांचं नातं काय, कोण कोणाला खातं, कोण कोणामुळे तगून राहतं, हे शोधतं ते इकॉलॉजी, म्हणजे पारिस्थितिकी. हा शब्द अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1866 मध्ये घडवला, 'ओइकोस' म्हणजे घर या ग्रीक शब्दावरून. पुढे 1935 मध्ये आर्थर टान्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी सजीव आणि निर्जीव मिळून होणाऱ्या एकत्रित व्यवस्थेला 'इकोसिस्टिम' म्हटलं. आपण तिला परिसंस्था म्हणतो. तुझ्या मसुद्यात हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने आले आहेत.

हे शास्त्र करतं काय, ते रॉबर्ट पेन या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या प्रयोगातून छान कळतं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या खडकांवर, 1963 मध्ये त्यांनी काम सुरू केलं. एका पट्ट्यातले तारामासे उपटून ते समुद्रात फेकून द्यायचे, शेजारच्या पट्ट्याला हात लावायचे नाहीत. एक शिकारी गेला म्हणजे बाकीच्यांची चंगळ, असंच कोणालाही वाटेल. झालं उलटंच. तारामासे ज्यांना खात होते ते शिंपले खडकभर पसरले, त्यांनी इतरांची जागा बळकावली, आणि पंधरा जातींपैकी आठच उरल्या. नुसती जातींची यादी करून हे कधीच कळलं नसतं. तारामासा मोजला तर एक जात. पण त्याच्या खाण्यावर इतरांची जागा टिकून होती. अशा जातीला पेन यांनी 1969 मध्ये 'कीस्टोन' प्रजाती म्हटलं. कमानीतला मधला दगड काढला की कमान ढासळते, तसं.

आता इकॉलॉजी हा शब्द पुष्कळ ठिकाणी फिरतो. आतड्यातल्या जिवाणूंची इकॉलॉजी अभ्यासतात, आणि ते रास्तच आहे. तिथेही स्पर्धा आहे, सहजीवन आहे. भाषांची इकॉलॉजी म्हणतात, म्हणजे शेजारच्या भाषांच्या सहवासात एखादी भाषा कशी जगते किंवा मागे पडते याचा विचार. आर्ने नेस या नॉर्वेजियन तत्त्वज्ञांनी 1973 मध्ये 'डीप इकॉलॉजी' मांडली: माणसाला उपयोग असो वा नसो, प्रत्येक जीवाला स्वतःचं मोल आहे. ही भूमिका मला पटते. पण ती भूमिका आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. निबंधात दोन्ही एका ओळीत घालू नकोस. वेष्टनावर हिरवं पान छापून 'इकॉलॉजिकल' लिहितात, तो वापर मात्र मला मुळीच मान्य नाही. तिथे नात्यांचा विचारच नसतो.

तुझा तळ्याचा परिच्छेद सगळ्यात चांगला आहे. त्यात शेवाळ, कीटक, मासे, बगळे सगळे आहेत, पण वेगवेगळ्या वाक्यांत. मासे गेले तर शेवाळाचं काय होईल, हे लिहून बघ. मासे काय खातात यावर उत्तर बदलेल, म्हणून आधी ते शोध. मग निबंधाची सुरुवात त्याच परिच्छेदाने कर. शीर्षक तुला नंतर सुचेल.

नवा मसुदा पाठव.

तुझी,
आई