चावीसोबत विजेचा हिशेबही मिळावा

माननीय संपादक,
स. न.

वीजबचतीविषयी वृत्तपत्रांत येणारे लेख मी आवर्जून वाचते, परंतु ते वाचताना दर वेळी एक गोष्ट खटकते. छतावर सौर पॅनेल बसवा, भिंतींना उष्णतारोधक थर द्या, जुना एसी काढून नवा घ्या, असे सांगणारे लेखक वाचक त्याच घरात आणखी दहा-पंधरा वर्षे राहणार आहे असे गृहीत धरून चालतात. माझे यजमान सैन्यात आहेत. दोन-तीन वर्षांनी बदलीचा आदेश येतो, राहते घर सरकारी असते, छत आपले नसते आणि भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी विचारावे लागते. अशा कुटुंबाने वीज वाचवायची ती कशी, याचे उत्तर मला सहा बिऱ्हाडे हलवल्यावर सापडले: आमची बचत पहिल्या पंधरवड्यात होते, नाहीतर ती होतच नाही. सामान उतरवण्याच्या गडबडीत जे बटण चालू राहते ते पुढच्या बदलीपर्यंत चालूच राहते, आणि हमालांनी फ्रिज जिथे टेकवला तिथेच तो दोन वर्षे उभा राहतो.

मागच्या घरातील पहिल्या रात्रीची गोष्ट सांगते. यजमान आधीच रुजू होऊन कामगिरीवर गेले होते. फ्रिज प्रवासात आडवा झाल्यामुळे काही तास उभा करून ठेवला होता, म्हणजे तोही सुरू नव्हता. सगळे दिवे मालवून मी सहज मीटरपेटीकडे पाहिले, तर आतला लाल दिवा भराभर लुकलुकत होता. घड्याळ समोर धरून मोजले, तेव्हा दहा सेकंदांत अठरा वेळा. त्या मीटरवर ३२०० ही संख्या छापलेली होती; म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट खर्ची पडते. त्यावरून हिशेब केला तर घरात काहीतरी सुमारे २००० वॅटचे चालू असणार, हे उघड होते. शोधत गेल्यावर मागच्या, कोणी न वापरणाऱ्या न्हाणीघरातील गीझर सापडला, ज्याचे बटण दाराच्या पल्ल्याआड झाकले गेले होते. तो बंद केल्यावरही दिवा दर २८ सेकंदांनी एकदा लुकलुकतच राहिला. ३२०० छापलेल्या मीटरवर दोन चमकांमधल्या सेकंदांनी ११२५ ला भागले की किती वॅट चालू आहेत ते कळते; उत्तर आले ४०, आणि अडगळीच्या खोलीत तेवढ्याच वॅटचा एक जुना पिवळा दिवा जळत असलेला मिळाला.

आधीचे कुटुंब जाऊन तीन आठवडे झाले होते. इतके दिवस टाकीतले पाणी निवत होते आणि गीझर ते पुन्हा तापवत होता. ताबा देताना मीटरचा आकडा कोणीच लिहून न घेतल्यामुळे त्या पाण्याचे बिल आमच्याच वाट्याला आले, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गळती आपल्या हाताच्या सवयीतली असते आणि ती मला जास्त उशिरा कळली. आम्ही थंड प्रदेशातून उष्ण प्रदेशात आलो, पण गीझर अर्धा तास आधी लावण्याची सवय तशीच राहिली. १५ लिटर पाणी १० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण अर्धे युनिट लागते आणि २००० वॅटचा गीझर त्याला सोळा मिनिटे घेतो. तेच पाणी नळातून २८ अंशांनी येत असेल तर सहा मिनिटे पुरतात. उरलेल्या वेळात आम्ही पाणी नको इतके कढत करायचो आणि मग त्यात गार पाणी ओतायचो! नव्या ठिकाणी पोहोचल्यावर नळाच्या पाण्यात हात घालून ही सवय पहिल्याच सकाळी तपासायला हवी.

फ्रिजची गोष्टही अशीच आहे. प्रवासात दोऱ्या आवळल्याने दाराच्या कडेचे रबर दबते. दारात कागदाचा चिटोरा धरून तो ओढावा. सहज निसटला तर तिथून गारवाही निसटतो आहे असे समजावे. फ्रिज भिंतीला चिकटवू नये आणि खिडकीतले ऊन त्याच्यावर येऊ देऊ नये. सेट-टॉप बॉक्ससारखी वस्तू टीव्ही बंद असतानाही १० वॅट घेत असेल, तर वर्षाकाठी जवळजवळ ८८ युनिटे जातात, म्हणून तिची तार बटण असलेल्या पट्टीतच लावावी.

खर्च करायचाच असेल तर सोबत नेता येईल अशा वस्तूवर करावा. आमच्याकडे एलईडी दिव्यांची एक पेटीच आहे. घरातले जुने दिवे काढून जपून ठेवतो आणि जाताना परत लावतो. साधा छताचा पंखा ७५ वॅट घेतो, नव्या बीएलडीसी (म्हणजे ब्रशविरहित, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा सुमारे ३०. रोज पंधरा तासांच्या वापरात एका पंख्यामागे महिन्याला २० युनिटांचा फरक पडतो आणि तो पंखा उतरवून पुढच्या घरी नेता येतो. मात्र तो वायरमनकडूनच बसवून घ्यावा, कारण भिंतीवरचा जुना रेग्युलेटर त्याला चालत नाही.

एवढे लिहिण्याचे कारण एक मागणी आहे. घराचा ताबा देताना नळ, काचा, कड्या-कोयंडे यांची यादी बारकाईने केली जाते आणि तीवर सह्या होतात. त्याच कागदावर त्या दिवशीचा मीटरचा आकडा आणि आधीच्या बारा महिन्यांत दरमहा किती युनिटे लागली, एवढ्या दोन नोंदी असाव्यात. नव्या कुटुंबाला त्या घराची सरासरी कळली, तर पहिल्याच बिलात कुठे पाणी मुरते आहे ते दिसेल आणि रिकाम्या घराचा भार कोणाच्या माथी बसणार नाही. निवासव्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी याचा विचार करावा, अशी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करते. तोवर आम्ही घर सोडताना हे आकडे आणि लपलेल्या बटणांच्या जागा एका कागदावर लिहून तो मीटरपेटीच्या झाकणाला आतून चिकटवत आहोत.

आपली विश्वासू,
एक सैनिकपत्नी